दोन पाय कमी

चोडणच्या शाळेत मुलांच्या पुस्तकांची जत्रा.
पटांगणात झावळ्यांचा मांडव,
माझं टेबल चौथं, लंगडं,
पायाखाली कुणीतरी गणिताच्या जुन्या वहीची
घडी सरकवलेली.

शेजारी आपोलोनिया रिबेलो.
चित्रं तिची, शब्द माझे.
पाचशे प्रती छापल्या,
त्यातल्या चारशे बारा माझ्या खाटेखाली.
रात्री कूस बदलली की वाटतं,
खाली कुणीतरी तिरकं चालतंय.

फेरीतून उतरत होती कुटुंबंच्या कुटुंबं,
एका स्कूटरवर चौघं, पाचवा बाहुला.
मुलं आधी खाज्याच्या दुकानाशी,
मग मुखवट्यांशी, मग पाण्याच्या नळाशी,
आणि मग, वाट चुकल्यासारखी,
पुस्तकांशी.
आई किंमत बघायची, मूल शेवटचं पान.
बाप म्हणायचा, घरी आहेत ना तीन,
ती आधी वाच.

अकराच्या सुमारास दिगंती आली.
मानशीजवळच्या घरातली, सात वर्षांची,
कोपरावर वाळलेला चिखल.
पान नऊ उघडलं, बोट टेकवलं,
ओठ न हलवता मोजलं, परत मोजलं.
"हिका आठूच पाय. दोन खंय गेले?"

मी म्हणालो, चिखलात असतील रुतलेले.
लेखकाला असलं काही तरी सुचतंच.
ती म्हणाली,
"रुतले जाल्यार चिखल वर येता.
हांगा चिखल सपाट."

आपोलोनियाने चष्मा काढला,
पदर नसलेल्या झग्याच्या टोकाने पुसला,
पान नाकाशी नेलं.
पाच महिने ती राहिली होती ह्या कुर्लीसोबत,
डोळ्यातला पांढरा ठिपका
चारदा खोडून पाचव्यांदा ठेवला होता.
आणि मी? "तिरकी" हा शब्द बारा वेळा लिहिला,
किती पायांवर, ते एकदाही विचारलं नाही.
"चूक माझी गो बाय," आपोलोनिया म्हणाली,
आणि कानामागची पेन्सिल काढून
तिच्यापुढे धरली.

दिगंतीने जीभ बाहेर काढून
दोन पाय काढले.
मागचे. चपटे, वल्ह्यासारखे,
पाण्यात मारायचे.
आमच्या कुर्लीला तोवर पोहता येत नव्हतं.

त्यानंतर रांग लागली.
प्रत घ्यायची, पान नऊ उघडायचं,
पेन्सिल मागायची.
एकाने तीन पाय वाढवले, पाऊस आला तर असावेत म्हणून.
एकीने नव्या पायांत पैंजण घातले.
जॉयविन नावाच्या मुलाने एकच काढला
आणि सांगितलं, दुसरा माझ्या भावाने काढायचा आहे,
तो आजारी आहे, घरी आहे.
मी त्याला पेन्सिलही देऊन टाकली.

मंचावर कुणी तरी
बालवाचनाच्या भवितव्यावर बोलत होतं.
ध्वनिक्षेपक खरखरला, बंद पडला,
बरं झालं,
रोस-ऑमलेटवाल्याच्या तव्याचा आवाज
नीट ऐकू आला.

मांडव उतरवताना दिगंतीचा बाप आला.
कोबल्यात सापडलेली एक कुर्ली,
नांग्या सुंभाने बांधलेल्या,
पिशवीत घालून आपोलोनियाच्या हातात दिली.
"पोरीन सांगलां, तुमकां बघूक होई म्हणून."
पैसे विचारले तर हसला.

परतीच्या फेरीत गर्दी नव्हती.
नदीवर दिवे लागत होते, एकेक, घाई न करता.
आपोलोनियाने पिशवी मांडीवर उघडली,
चष्मा पुढे सरकवला,
म्हणाली, तू मोज, मला एका डोळ्याने
दोनाचे चार दिसतात.

मी वाकलो.
चिखलाचा वास, खारा.
कुर्ली माझ्याकडे बघत होती,
पांढरा ठिपका बरोबर जागेवर.
एक. दोन. तीन.
ती हलली, परत पहिल्यापासून.
आठपर्यंत पोचलो
आणि फेरी रायबंदरच्या धक्क्याला लागली.